ग्रामसभेचा ठराव आणि यूएपीए

प्रश्न : वाळवा तालुक्यातील आमच्या ग्रामसभेत यूएपीएविरुद्ध (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याविरुद्ध) ठराव मांडायचा आहे, ग्रामसेवक म्हणतात, हा आपला विषयच नव्हे. खरे काय? (एक वाचक, जि. सांगली)

उत्तर : त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी दिलेल्या २९ विषयांत राष्ट्रीय सुरक्षा नाही, त्यामुळे १९६७ चा हा कायदा आपल्या ठरावाने तसूभरही हलणार नाही; मात्र गावाने आपले मत नोंदवून खासदारांकडे पाठवण्यास त्याने बाध येत नाही. अमेरिकेत २००१ च्या पेट्रियट या दहशतवादविरोधी कायद्याविरुद्ध अनेक नगरपरिषदांनी असेच ठराव केले होते. मसुद्यात नुसते ‘काळा कायदा’ लिहू नये (त्याने टाळ्या मिळतात, इतकेच), तर यूएपीएचे कलम ४३-ड दाखवावे : न्यायालयाच्या परवानगीने आरोपपत्राविना कोठडी १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. ठराव सूचक-अनुमोदकांच्या नावांसह इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.