१२ व्होल्टच्या पंपाचा स्विच वारंवार का जळतो, आणि तो टिकवायचा कसा?

गच्चीवरील बागेसाठी बॅटरीवर चालणारा ६० वॅटचा पंप आपण भिंतीवरच्या साध्या ६ अँपिअरच्या स्विचने चालवता आणि तो सारखा जळतो, असे आपण लिहिले आहे. पंप चालू असताना ५ अँपिअरच लागत असले, तरी सुरू होताना मोटर क्षणभर त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढते. शिवाय स्विचवर छापलेला आकडा एसीचा, म्हणजे घरातल्या दिशा बदलत राहणाऱ्या विजेचा असतो. एसीत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येत असल्यामुळे ठिणगी आपोआप विझते. डीसीत, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत, ती सोय नाही, आणि बंद करताना मोटरच्या गुंडाळीतून उसळणारा विद्युतदाब ठिणगी लांबवतो. जळका स्विच उघडून पाहिल्यास संपर्कबिंदूंवर काळे खड्डे दिसतील.

माझ्या मते नुसता मोठा स्विच बसवणे ही मलमपट्टी आहे. मोटारगाडीत वापरतात तो १२ व्होल्टचा, ३० किंवा ४० अँपिअरचा रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युतचुंबकी स्विच) बसवावा, म्हणजे स्विचमधून केवळ रिलेच्या कॉइलचा किरकोळ प्रवाह जाईल. बंद करताना उसळणारा दाब जिरवण्यासाठी पंपाच्या दोन तारांमध्ये १एन५४०८ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), त्यावरचा चंदेरी पट्टा धन तारेकडे ठेवून, जोडावा. उलटा जोडल्यास थेट शॉर्टसर्किट होईल. (पंपात इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, म्हणजे ब्रशविरहित मोटर असल्यास या डायोडची सहसा गरज नसते.) बॅटरीलगत फ्यूज हवाच. हे सर्व सामान पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबा मंदिराच्या परिसरात सहज मिळते. पावसाळ्यात स्विच आणि रिले झाकणबंद डब्यात ठेवावेत.