घरच्या व्हिडिओसाठी पहिला कॅमकॉर्डर कोणता घ्यावा?

लेकरू आठ महिन्यांचं आहे, गावाकडं आजी-आजोबा आहेत, बजेट पंचवीस हजारांच्या आत आहे. दुकानदार झूमचे आकडे सांगतोय आणि ओळखीतलं एक जण जुना टेपवाला कॅमेरा स्वस्तात देतंय, असं तुम्ही लिहिलंय. मी लातूर जिल्ह्यातला. बारा-तेरा वर्षं फक्त घरचंच शूटिंग करतोय. माझं सांगणं एकच: चित्राआधी आवाजाचा विचार करा.

माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. मे महिन्यातल्या एका दुपारी तिला समोर बसवून चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं. खोलीत कूलर चालू होता. उन्हाळ्यात आपल्याला त्याची इतकी सवय झालेली असते की तो ऐकूच येत नाही. पण कॅमेरा आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतो. आजी दम घ्यायला थांबली की तो कूलरची घरघर वर उचलायचा. चित्र आजही स्वच्छ आहे, हातातल्या बांगड्या मोजता येतात. पण निम्म्या ओव्यांचे शब्द लागत नाहीत. पुढच्या दिवाळीआधी ती गेली. तेव्हापासून घरात कुणी बोलणार असेल तर मी आधी कूलर आणि पंखा बंद करतो, घाम आला तरी चालेल.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न झूमचा नको, बाहेरचा माइक जोडता येतो का, हा विचारा. सुरुवातीच्या किमतीतल्या कॅमेऱ्यांत बहुतेक ती सोय नसते. सोनीच्या सीएक्स 405 मध्येही नाही. तरी तो कॅमेरा मी वाईट म्हणणार नाही: हलका आहे, भिंगाचा खरा झूम 30 पट आहे, आणि चार्जिंगची यूएसबी वायर पट्ट्यातच आहे. माइकची अडचण अशी सोडवा: आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात फोन रेकॉर्डिंग चालू करून ठेवा आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. नंतर कॉम्प्युटरवर ती टाळी जुळवली की फोनमधला आवाज चित्राला बरोबर बसतो.

झूमबद्दल एवढंच बघा: फक्त 'ऑप्टिकल', म्हणजे भिंगाचा झूम, असं लिहिलेला आकडा धरा. याच मॉडेलचा डिजिटल झूम 350 पट सांगतात, पण त्यात चित्र नुसतं ताणलेलं असतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मागच्या रांगेतून लेकराचा चेहरा धरायला 30 पट भरपूर झाले. सोबत स्टँड मात्र पाहिजेच.

आता उणी बाजू. या कॅमेऱ्यांचा सेन्सर (उजेड टिपणारी चकती) फार लहान असतो, सीएक्स 405 चा 1/5.8 इंच. रात्री ओसरीवर एकच बल्ब असेल तर चित्रात दाणे येतात; तिथं बरा फोन सरस ठरतो. तुमच्याकडं चांगला फोन असेल आणि दहा-पंधरा मिनिटांचेच तुकडे काढायचे असतील, तर कॅमेरा घेऊच नका. फोनला माइक आणि स्टँड घ्या. दोन तासांचं लग्न, कीर्तन, लांबून झूम, मध्येच कुणाचा फोन येऊन शूटिंग तुटायला नको, असं असेल तरच कॅमकॉर्डरचे पैसे वसूल होतात.

टेपवाला घेऊ नका. मिनी डीव्हीची (अशा जुन्या कॅमेऱ्यातली छोटी कॅसेट) एक तासाची टेप कॉम्प्युटरवर घ्यायला पूर्ण एक तास लागतो, त्यासाठी लागणारं फायरवायरचं (जुन्या प्रकारच्या वायरीचं) सॉकेट नव्या लॅपटॉपला नसतं, आणि चित्र फक्त 720 बाय 576 ठिपक्यांचं. घरात आधीच्या टेपा पडून असतील तर त्या चालवून उतरवून घ्यायला म्हणून घेतला तर गोष्ट वेगळी.

अमेरिकेतल्या पाहुण्यांकडून मागवायचा विचार असेल तर तोही सोडा. तिकडचे कॅमेरे बहुधा सेकंदाला 60 फ्रेमचे (चित्रांचे), आपली वीज 50 हर्ट्झची; ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं.

कार्डात काटकसर करू नका. 50 एमबीपीएसला (सेकंदाला 50 मेगाबिट, म्हणजे चांगल्या दर्जाला) तासाला साधारण 22 जीबी लागतात, म्हणजे 64 जीबीच्या कार्डात अडीच-पावणेतीन तास. क्लास 10 (कार्डाच्या वेगाचा आकडा) किंवा वरचं कार्ड ओळखीच्या दुकानातून पावतीसकट घ्या. एक जादा बॅटरीही घ्या. कॅमेरा 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये त्याहून वर जातं. उन्हातल्या गाडीत तो ठेवून जाऊ नका.

येळवसेला (वेळ अमावास्येला, आपल्याकडच्या शेतातल्या सणाला) शेतात नेणार असाल तर वाऱ्याची तयारी ठेवा. उघड्यावर वारा माइकवर आदळून नुसता फडफडाट येतो. माइकला केसाळ टोपी बसवा, नाहीतर आजोबांना कडब्याच्या कोपीत बसवून बोलतं करा. तिथं वारा अडतो, मागची भज्जी आणि आंबिलाचं मडकंही चौकटीत येतं.

पैसे देण्याआधी स्वतःचं कार्ड घालून दुकानात दोन मिनिटं रेकॉर्ड करा, सोबतच्या माणसाला बोलायला लावा, आणि तिथल्याच टीव्हीला जोडून डोळे मिटून ऐका.