बर्फ वितळण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

नंदुरबारकडचे सिकलसेलचे रुग्ण जवळून पाहिल्यामुळे तू हिस्टोनवरील, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरील, रासायनिक खुणांच्या अभ्यासाकडे वळलीस, हे तुझ्या पत्रावरून कळले. सिकलसेलचा त्रास कमी करू शकणाऱ्या गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनची जनुके जन्मानंतर मूक होतात आणि त्यात हिस्टोनवरील अ‍ॅसिटिल गट काढणाऱ्या विकरांचाही (एन्झाइमांचाही) हात असतो, त्यामुळे तुझी दिशा योग्यच आहे. त्यांतले एक विकर १९९६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ स्टुअर्ट श्रायबर यांच्या प्रयोगशाळेने त्याला घट्ट चिकटणाऱ्या ट्रॅपॉक्सिन या रेणूचा गळ टाकून बाहेर काढले. रसायनशास्त्राने जीवशास्त्राला काय द्यावे, याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

मात्र हीच विकरे पेशी फोडल्यानंतरही काम थांबवत नाहीत, हे मी फार उशिरा शिकलो. जळगावचा मे महिना होता, वीज गेली होती आणि थर्माकोलच्या डब्यातल्या बर्फाचे पाणी झाले होते. ही विकरे थांबवील अशी आशा असलेल्या आमच्या संयुगाने मी भिजवलेल्या पेशींचे नमुने आधी उरकले आणि तुलनेचे साधे नमुने तसेच ताटकळत ठेवले. ब्लॉटवर, म्हणजे प्रतिपिंडाने (अँटीबॉडीने) ही खूण दाखवणाऱ्या पटलावर, संयुगाची पट्टी गडद उमटली, साधी फिकट. आम्ही तीन महिने त्या पट्टीवर खूश होतो. पुढे एका सहकाऱ्याने सुरुवातीपासूनच द्रावणात ही विकरे थांबवणारे सोडियम ब्युटिरेट घालून तोच प्रयोग केला, तेव्हा दोन्ही पट्ट्या सारख्याच आल्या. संयुगाने काहीच केले नव्हते. ताटकळलेल्या नमुन्यातील खुणा विकरांनी पुसल्या होत्या, एवढेच.

प्रतिपिंडावरही डोळे झाकून विसंबू नकोस. हिस्टोन एच-३ मध्ये नवव्या आणि सत्ताविसाव्या लायसीन या अमिनो आम्लाभोवती अ‍ॅलानिन, आर्जिनिन, लायसीन, सेरिन हाच क्रम येतो, त्यामुळे एकाचे प्रतिपिंड दुसऱ्याला चिकटू शकते. म्हणून खूण असलेले आणि नसलेले कृत्रिम पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) घेऊन प्रतिपिंड आधी तपासून पाहा. रेणूंचे वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटरही चकवतो, कारण एक अ‍ॅसिटिल गट जोडला काय किंवा तीन मिथिल गट जोडले काय, वस्तुमान ४२ डाल्टननेच वाढते आणि खरा फरक सुमारे ०.०३६ डाल्टनचा असतो. तेवढे बारीक मोजणारे यंत्र आपल्याकडे नसेल, तर नमुना बाहेर पाठव, पण अंदाजाने नाव देऊ नकोस.

नमुने कोणत्या क्रमाने आणि किती वाजता उरकले, ते वहीत लिहीत जा. ब्युटिरेटला खवट तुपासारखा वास येतो. घरचे विचारतील, तेव्हा सांगायला लाजू नकोस.

तुझा,
सर