ब्राझीलमधील वाळूमाशीची प्रजाती कशी ओळखावी आणि नोंदवावी?

नुसत्या डोळ्यांनी ओळख पटत नाही. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची ही केसाळ माशी काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते; मादीचे शुक्रकोश (शुक्राणू साठवण्याच्या पिशव्या) आणि घशातील सूक्ष्म दात, तर नराची जननांगे निर्णायक ठरतात. काळा आजार पसरवणारी लुत्झोमिया लाँगिपाल्पिस मात्र एवढ्यानेही उलगडत नाही, कारण त्या एका नावाखाली दिसायला जवळजवळ सारख्या अशा अनेक सहोदर प्रजाती दडल्या असून त्यांचे नर गंधद्रव्याने आणि मीलनावेळच्या पंखांच्या गुंजनाने वेगळे ठरतात.

नोंदीत अक्षांश-रेखांश, तारीख, सापळ्याचा प्रकार आणि लिंग हवेच. १९९५ मध्ये ब्राझीलच्या कीटकशास्त्रज्ञ गलाती यांनी लुत्झोमिया हा जुना वंश (जवळच्या प्रजातींचा गट) अनेक वंशांत विभागल्यामुळे कोणते वर्गीकरण वापरले तेही लिहावे. नमुना संग्रहालयात जपणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण नाव बदलले तरी तो पुन्हा तपासता येतो.