बोटीवर कॅमेरा बसवताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोटी वर ओढलेल्या असतात. बोट कोरडी आणि खलाशी हाताशी, त्यामुळे कॅमेऱ्याचं काम उरकून घ्यायला याहून चांगले दिवस नाहीत. या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतले आहेत.

प्रश्न : मालवणात पर्यटकांना स्नॉर्केलिंगला नेतो. २४ फुटी फायबरची बोट आहे, मागे आऊटबोर्ड, म्हणजे बाहेर अडकवलेलं इंजिन. माणसं बसली की मागे इंजिनाच्या पंख्याजवळ पाण्यात कोण आहे ते दिसत नाही. कॅमेरा कुठे आणि कोणता लावू?

टपाच्या मागच्या पाइपवर, मधोमध, पाण्यापासून साधारण दोन मीटर उंचीवर लावा. ट्रान्समवर, म्हणजे इंजिन अडकवता त्या फळीवर लावू नका. तिथे तुषार उडतात आणि इंजिनाचं डोकं अर्धं चित्र खातं. कॅमेरा इतका खाली झुकवा की चित्राच्या खालच्या कडेला इंजिनाचं झाकण आणि शिडी दोन्ही दिसतील. पक्का आवळण्याआधी इंजिन पूर्ण वर उचलून आणि दोन्ही बाजूंना वळवून बघा.

२.८ मिलिमीटरची लेन्स घ्या. तिच्यात सुमारे १०० अंशांचा पट्टा येतो. गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याची १७० अंशांची लेन्स स्वस्तात मिळते, पण तिच्यात माणूस असतो त्यापेक्षा बराच लांब भासतो, आणि पंख्याजवळ ही चूक परवडत नाही. १०० अंशांच्या लेन्सचीही मर्यादा ध्यानात ठेवा. सात इंची स्क्रीनवर दहा मीटरवरचं माणसाचं डोकं मोहरीएवढं दिसतं आणि तीस मीटरवरचं खसखशीएवढं. लाटांच्या चकाकीत ती खसखस हरवते. म्हणून हा कॅमेरा पंख्याभोवतीच्या दहा मीटरांसाठीच आहे. माणसांची मोजदाद डोळ्यांनीच करायची.

वाय-फायचा कॅमेरा या कामाला घेऊ नका. त्याचं चित्र अर्धा ते दोन सेकंद उशिरा येतं. चार नॉटला बोट सेकंदाला दोन मीटर सरकते, म्हणजे तुम्ही बघता ती जागा मागे पडलेली असते. वायरवरचा एएचडी, म्हणजे वायरीतून थेट चित्र पाठवणारा कॅमेरा घ्या. सेटिंगमध्ये चित्र आरशासारखं उलटं ठेवा, म्हणजे पुढे तोंड करून बसलेल्या चालकाला उजवीकडचा माणूस स्क्रीनवरही उजवीकडेच दिसेल. एकाला मागे उजव्या कडेला उभं करून हात वर करायला सांगा आणि खात्री करा.

कॅमेरा असो वा नसो, माणसं पाण्यात असेपर्यंत इंजिन बंद हवं. न्यूट्रल चालणार नाही, कारण लिव्हरला एखाद्याचा गुडघा लागला तरी पंखा फिरतो. बुडी मारलेला माणूस तर कोणत्याच कॅमेऱ्यात दिसत नाही.

प्रश्न : हर्णैला ट्रॉलर आहे. पेटीवर आयपी ६७ लिहिलेलं असूनही कॅमेरे चार महिन्यांत धुरकट होतात, मग बंद पडतात. आता तिसऱ्यांदा बदलतोय. कोणती कंपनी घेऊ?

कंपनी बदलून फरक पडणार नाही, जोड बदला. आयपी ६७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास ठेवून पाणी आत गेलं नाही, एवढंच. खारा वारा, ऊन आणि लाटांचे हादरे त्या चाचणीत नसतात. शिवाय पाणी बहुतेक वेळा लेन्सकडून शिरत नाही. कॅमेऱ्याच्या मागे वीतभर वायर लोंबते आणि तिच्या टोकाला प्लग असतात, ते बघा. प्लग उघडलात तर आत हिरवी पूड दिसेल. तिथून पाणी तांब्याच्या तारांमधून रांगत कॅमेऱ्याच्या पोटात जातं. दुपारी कॅमेरा तापला की आतली हवा फुगून बाहेर पडते. संध्याकाळी त्यावर गार पाणी उडालं की हवा आकसते आणि त्याच वायरीतून दमट हवा आत ओढली जाते. काचेमागे दिसणारं धुकं ते हेच.

म्हणून प्लग उघड्यावर ठेवायचाच नाही. वायर लांबवून जोड केबिनमध्ये घ्या. ते जमत नसेल तर जोडपेटीत ठेवा, आणि पेटीला भोकं खालच्या बाजूनेच पाडा. वायर आत जाण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून टपकून जाईल. जोडाच्या पिनांवर डायलेक्ट्रिक ग्रीस लावा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. तापवल्यावर दोन्ही टोकांना गोंदाचा बारीक थेंब डोकावला तर काम नीट झालं. नुसती काळी टेप उन्हात महिनाभरात पाघळून सुटते. वायर कल्हईच्या तांब्याची घ्या. ती सोलली की तारा चंदेरी दिसतात.

स्क्रू ३१६ स्टीलचे वापरा, ३०४ चे समुद्रावर गंजाचे डाग धरतात. कॅमेऱ्याची बॉडी अल्युमिनियमची असेल तर स्टीलचा स्क्रू आणि बॉडी यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर खाऱ्या पाण्यात या दोन धातूंमध्ये वीज खेळते आणि अल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. भोक बुजवायला व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातून सुटणारं आम्ल धातू खातं. दुकानात न्यूट्रल सिलिकॉन मागा.

धुणं आठवड्यातून एकदा, गोड्या पाण्याने. लेन्स कोरड्या फडक्याने कधीच पुसू नका. मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात. आधी तांब्याभर पाणी ओता, मग पुसा.

प्रश्न : मांडव्याला स्पीडबोट आहे. इंजिन सुरू केलं की रेकॉर्डर बंद होऊन पुन्हा चालू होतो. बॅटरी नवीन आहे. दोष कशात?

दोष जोडणीत आहे. स्टार्टर फिरताना बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर १० च्याही खाली येऊ शकतो आणि रेकॉर्डर दम सोडतो. पुन्हा उठायला त्याला मिनिटभर तरी लागतं. तुम्ही जेट्टी सोडता तेव्हाची ही मिनिटं, म्हणजे नेमकी धक्का लागण्याची.

उत्तम उपाय म्हणजे कॅमेऱ्यांना वेगळी बॅटरी. जागा नसेल तर ९ ते ३६ व्होल्ट घेऊन कायम १२ देणारा कन्व्हर्टर लावा. फक्त व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर इथे निरुपयोगी आहे, चढवणाराही हवा. चार कॅमेऱ्यांचे २० वॅट, रेकॉर्डर आणि स्क्रीनचे प्रत्येकी १० धरले तर एकूण ४० वॅट होतात, म्हणजे साडेतीन अँपियरच्या आत. त्याला २.५ चौरस मिलिमीटरची मुख्य वायर आणि ५ अँपियरचा फ्यूज पुरतो. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच हवा. तो पॅनेलवर लावला तर मधल्या सगळ्या वायरीला फ्यूजचं संरक्षण राहत नाही, आणि ती घासून शॉर्ट झाली की आग लागते.

रेकॉर्डिंगला हार्डडिस्क नको, आपटणाऱ्या बोटीत ती टिकत नाही. सतत लिहिण्यासाठी बनवलेलं हाय एन्ड्युरन्स मेमरी कार्ड घ्या. २ एमबीपीएसला एक कॅमेरा तासाला ०.९ जीबी भरतो. चार कॅमेरे दिवसाला दहा तास चालले तर २५६ जीबीत आठवडा बसतो.

प्रश्न : कॅमेरे लावल्यापासून बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर खरखर येते.

हा बहुतेकदा कन्व्हर्टरचा प्रताप असतो. शांत चॅनल लावा, स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारं बटण, खरखर जेमतेम थांबेल इतकंच फिरवा, मग एकेक उपकरण चालू करा. ज्याने खरखर परतली तो चोर. त्याच्या वायरीचे दोन-तीन वेढे फेराइट कड्यातून घ्या आणि वायर अँटेनाच्या केबलपासून मीटरभर लांब न्या. तरीही थांबली नाही तर ते उपकरण काढा. १६ नंबर, म्हणजे संकटाच्या हाकेचा चॅनल, ऐकू येणं कॅमेऱ्यापेक्षा मोठं आहे.

प्रश्न : रात्री रंगीत चित्र देणारे पांढऱ्या दिव्याचे कॅमेरे मिळतात. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर लावावेत का?

चालत्या बोटीवर नाही. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत २० वा नियम स्पष्ट आहे. ठरलेल्या दिव्यांशी गोंधळ होईल, ते झाकोळतील किंवा पहाऱ्यात अडथळा येईल असे दिवे लावता येत नाहीत. नाळेवरचा पांढरा झोत तुमचे लाल-हिरवे दिवे समोरच्याला दिसू देत नाही आणि तुमच्या तांडेलाची अंधाराला सरावलेली नजरही घालवतो.

डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड (आयआर) दिव्यांना ही अडचण नाही, पण त्यांचा उजेड कठड्यावर, दोरखंडावर, उडत्या तुषारांवर आपटून परत येतो आणि चित्र पांढरं पडतं. कॅमेरा केबिनच्या काचेमागे असेल तर स्वतःचाच दिवा दिसतो. नाळेच्या कॅमेऱ्याचे आयआर बंद ठेवा आणि कमी उजेडात चालणारा सेन्सर घ्या. आयआर डेकवर खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला उपयोगी पडतात. स्क्रीनचा उजेडही रात्री किमान ठेवा. त्याच नियमांतला ५ वा नियम डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवायला सांगतो. स्क्रीनकडे बघणारा माणूस पहाऱ्यावर नसतो.

प्रश्न : इंजिन खोलीत पाणी चढतंय का ते बघायला आत कॅमेरा लावला तर?

डिझेल असेल तर लावा. कॅमेरा एक्झॉस्टपासून दूर ठेवा, आणि जोडीला फ्लोटचा, म्हणजे पाणी चढून तरंगता गोळा उचलला की वाजणारा भोंगा हवाच, कारण तेलाची वाफ लेन्सवर बसते. बंद खोलीत पेट्रोलचं इंजिन असेल तर साधा कॅमेरा, त्याचा प्लग किंवा स्विच आत नेऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचून राहते आणि प्लग काढताना पडलेली एक ठिणगी तिला पुरते. तिथे फ्लोट आणि पंपही ठिणगीपासून सुरक्षित म्हणून प्रमाणित केलेलेच घ्या आणि इंजिन सुरू करण्याआधी वाफ बाहेर काढणारा ब्लोअर किमान चार मिनिटं चालवा.