फाळणी, दंगल अशा विषयावरची कविता कुणी समोर वाचून दाखवली तर काय बोलावं?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीतल्या एका घरगुती बैठकीत तुमच्या मित्राने आजोबांनी कराची सोडली त्यावरची कविता वाचली. लगेच फाळणीला जबाबदार कोण यावर वाद पेटला, तुम्ही गप्प बसलात आणि आता ते तुम्हाला टोचतंय. मी अशाच एका वेळी गप्प बसलो नव्हतो. बोललो, आणि ते जास्त वाईट झालं. आधी तेच सांगतो.

ठाण्यात नौपाड्यात आमची महिन्यातून एकदा बैठक होते. दहा-बारा जण, चहा, प्रत्येकाची एखाद-दुसरी कविता. एका संध्याकाळी मुंब्र्याहून येणाऱ्या मित्राने जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलीवरची कविता वाचली. दंगलीची कविता म्हणजे आग, धूर, रक्त असं मी गृहीत धरून बसलो होतो. त्यातलं काहीच आलं नाही. वडील स्टुलावर चढून चाळीतल्या दारावरची नावाची पाटी काढतायत. स्क्रू गंजलेत, एक काही केल्या फिरत नाही, म्हणून आई आतून भाजीची सुरी आणून देते. पाटी निघते. दारावर चार भोकं राहतात, आणि मधे पाटीएवढा चौकोन, जिथला रंग अजून नवा आहे. एवढीच कविता.

एक गृहस्थ म्हणाले, “पण माणसं दोन्ही बाजूंची मेली, त्याचं काय?” आणि मी, विषय निवळावा म्हणून, म्हणालो की शेवटच्या ओळीत लय जरा अडखळते. त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. पुढचे तीन महिने तो आला नाही.

त्या गृहस्थांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मिळून ९०० मृत्यू नोंदवले, त्यांत ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू. हा हिशेब प्रत्येकाला माहीत असायला हवा, तो अहवाल वाचायलाच हवा. पण आमचा मित्र हिशेब मांडत नव्हता. तो आठवणीतलं एक दार दाखवत होता आणि आम्ही त्या दाराकडे बघितलंच नाही. माझा तर गुन्हा मोठा. लय खरंच अडखळत होती का, हे मी नीट ऐकलंही नव्हतं. मला फक्त त्या खोलीतून पळ काढायचा होता, आणि कवितेच्या तंत्राचा आडोसा सोयीचा होता.

नंतर मी स्वतःला एक प्रश्न विचारला, तो तुम्हीही विचारून बघा. अण्णा भाऊ साठ्यांची संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली ‘माझी मैना’ ऐकताना, गावाकडे राहिलेल्या मैनेचा विरह शेवटी बेळगाव-कारवारच्या विरहाला जाऊन मिळतो तेव्हा, मी कधी म्हणालोय का, “पण कन्नड माणसाला काय वाटत असेल?” कधीच नाही. माझ्या घशात आवंढा येतो. आमच्या मजल्यावर धारवाडकडचं एक कुटुंब राहतं, त्यांना याच ओळी वेगळ्या ऐकू येणार हे उघड आहे. म्हणजे दुसरी बाजू मला फक्त दुसऱ्याच्या दुःखाच्या वेळी आठवते. हे कळलं तेव्हा वाईट वाटलं.

हे आजचं नाही. फाळणीनंतर पंजाबी कवयित्री अमृता प्रीतम यांनी वारिस शाहला हाक मारणारी कविता लिहिली. ‘हीर’ ही पंजाबची प्रेमकथा लिहिणाऱ्या या जुन्या कवीला त्या सांगत होत्या की तेव्हा पंजाबची एक लेक रडली तर तू एवढं लिहिलंस, आज लाखो रडतायत. त्यावर काही शीख म्हणाले, हाक गुरू नानकांना का नाही? कम्युनिस्ट म्हणाले, लेनिनला का नाही? एवढ्या आकांतानंतर लोकांनी चौकशी केली ती पत्त्याची.

मग बोलायचं काय? मी आता एवढंच करतो: कवितेतली जी वस्तू डोळ्यांसमोरून हलत नाही, तिच्याबद्दल बोलतो. “सुरी देताना आई काही बोलली का?” असं विचारलं तरी चालतं. कवीला कळतं की तुम्ही तिथे होतात. तुमच्या मित्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. पंजाब आणि बंगाल वाटले गेले, त्यांचा एक-एक तुकडा इकडे राहिला. कराचीसकट सिंध अख्खा गेला. कल्याणच्या लष्करी छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात येऊन पडलेल्या सिंधी माणसाला ‘आमचं राज्य’ म्हणायला इकडे वीतभर जमीन नव्हती. ही गोष्ट डोक्यात ठेवून त्याची कविता पुन्हा ऐकलीत तर कराची हा शब्दच वेगळा लागेल.

तपशिलाची चूक असेल तर जरूर सांगा, पण नंतर, दोघंच असताना. आणि एखादी कविता माणूस सोडून अख्ख्या जमातीलाच शिव्या घालू लागली, तर मी टाळी वाजवत नाही, आणि का वाजवत नाही ते तिथेच सांगतो. तिथे गप्प बसणं म्हणजे मान डोलावणंच.

चौथ्या महिन्यात मीच मुंब्र्याला गेलो. स्टेशनाबाहेर चहा घेताना म्हटलं, त्या दिवशी मी कविता ऐकली नाही, पुन्हा वाचशील का? गर्दीत, रिक्षांच्या हॉर्नमध्ये त्याने मोबाइलवरून वाचली. मी विचारलं, पाटी कुठे आहे आता? म्हणाला, अम्मीच्या कपाटात, साड्यांखाली. नव्या दारावर अब्बांनी ती लावलीच नाही.

तुम्ही मित्राला आजच फोन करा. मत सांगायला नको, ती कविता परत वाचायला सांगा.