वाचकांचे प्रश्न : आकाशवाणीची धून आणि वळिवड्याची छावणी

प्रश्न : आजी पहाटे बंब पेटवत असे, त्याच सुमारास आमच्या घरी रेडिओवर आकाशवाणीची ती धून लागे. ती हिटलरच्या छळातून सुटून भारतात आलेल्या एका ज्यू संगीतकाराची आहे, असे अलीकडे वाचनात आले. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीतली गोरी माणसेही ज्यूच होती, असे आजोबा सांगत. हे गृहस्थ त्यांच्यापैकीच होते काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. आपल्या सीमाभागात या दोन हकिकती हटकून एकमेकींत मिसळतात. वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात राहिलेले सुमारे पाच हजार निर्वासित पोलिश होते आणि त्यांतले बहुतेक कॅथलिक होते. सोव्हिएत राजवटीने त्यांना पूर्व पोलंडमधून सैबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार केले होते आणि तेथून सुटल्यावर ते इराणमार्गे इकडे आले. आजोबांनी पाहिलेली माणसे खरी, फक्त त्यांची ओळख चुकली.

धुनेचे श्रेय ज्यांना दिले जाते ते वॉल्टर कॉफमन मात्र ज्यू होते आणि वळिवड्याची छावणी उभी राहण्याच्या नऊ वर्षे आधीच मुंबईत उतरले होते. त्यांचा जन्म १९०७ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या कार्ल्सबाद या गावी झाला. बर्लिनमध्ये संगीत शिकून त्यांनी प्रागच्या जर्मन विद्यापीठात प्रबंधही लिहिला. पण आपले मार्गदर्शक नाझी चळवळीत असल्याचे कळताच त्यांनी पदवी घेण्याचेच नाकारले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि १९३४ मध्ये कॉफमन मुंबईस आले. मुंबईच का, तर भारताचा व्हिसा सहज मिळण्यासारखा होता, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. हे कारण वाटते तितके किरकोळ नाही; जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ येथे ज्यू निर्वासितांसाठी ३२ देशांची परिषद भरली तेव्हा बहुतेकांनी दार किलकिलेसुद्धा केले नाही आणि त्याच ऑक्टोबरपासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टावर तांबडे ‘जे’ (‘ज्यू’चे आद्याक्षर) उमटू लागले.

आपले संगीत त्यांना प्रथम मुळीच कळले नाही. त्यांनी ध्वनिमुद्रिका ऐकल्या आणि त्या परक्या वाटल्या. तरीही लाखो लोक ज्यावर प्रेम करतात ते ऐकताना दोष आपल्याच कानाचा असणार, असे मानून ते अभ्यासाला लागले. (बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र, म्हणजे पुढचे कुमार गंधर्व, साधारण याच सुमारास देवधर मास्तरांकडे शिकायला मुंबईत आले, हे आम्हांला राहून राहून आठवते.) १९३७ ते १९४६ या काळात कॉफमन मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत होते. तंबोऱ्याच्या अखंड आसेवर व्हायोलिन हलकेच वर चढते, ती धून १९३६च्या सुमाराची मानतात. जाणकारांना तीत शिवरंजनी राग ऐकू येतो : गंधार कोमल, मध्यम आणि निषाद हे स्वर वर्ज्य, म्हणजे न लागणारे.

१९४६ मध्ये त्यांनी भारत सोडला. पुढे कॅनडातल्या विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालन करून १९५७ पासून ते अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन येथे प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी उत्तर हिंदुस्थानी रागांवर १९६८ साली आणि कर्नाटक संगीतातल्या रागांवर १९७६ साली स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केले. १९८४ मध्ये ब्लूमिंग्टनलाच त्यांचे निधन झाले.